ग्लूटेन बंद करूनही पोट पुन्हा पुन्हा बिघडतं, तेव्हा काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. गहू बंद करून काही महिने झालेले असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पोट शांत होतं, अंगात ताकद येते, आणि मग एके दिवशी पुन्हा तेच. जेवणानंतर काही तासांत पोट फुगून घट्ट होतं, कळा येतात, जुलाब लागतात. पोट थांबलं तरी पुढचे एक-दोन दिवस डोकं जड आणि अंग गळून गेलेलं. असं एखाद्या वेळी झालं तर माणूस सोडून देतो. पण ते वारंवार व्हायला लागलं की खाण्याचीच धास्ती बसते. मग दूध बंद, डाळी बंद, फळं बंद असं करत करत ताटात फारसं काही उरत नाही, वजन उतरतं, आणि त्रास मात्र तिथेच राहतो. ही वेळ कुणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की, वारंवार होणाऱ्या त्रासामागे बहुतेक वेळा दहा वेगवेगळ्या चुका नसतात. एखादी वाट उघडी राहिलेली असते आणि ती रोजच्या वापरातली असते. ती सापडेपर्यंत आणखी पदार्थ सोडू नका.

ज्यांना आत्ता त्रास होतोय त्यांनी फक्त पुढचा भाग वाचावा. बाकीचं बरं वाटल्यावर वाचलं तरी चालेल.

त्रास चालू असताना

आधी खात्री करा की हे घरी थांबून निभावण्यासारखं आहे. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला, चक्कर आली, तर तो गव्हाच्या अ‍ॅलर्जीचा झटका असू शकतो आणि तो जिवावर बेततो. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर लगेच घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा. शौचातून रक्त जाणं, काळं डांबरासारखं शौच, जोराचा ताप, पोटाच्या एकाच जागी वाढत जाणारं दुखणं, पाण्याचा घोटही न टिकणं, लघवी फार कमी होणं, यांतलं काहीही असेल तर ते ग्लूटेनच्या खात्यावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. लहान मूल, वयस्कर माणूस किंवा गरोदर बाई असेल तर जुलाब-उलट्यांत वाट बघत बसू नका.

हे काही नसेल तर काम सोपं आहे, पण धीराचं आहे. खाल्लेलं ग्लूटेन परत बाहेर काढणारं औषध नाही. शरीर ते पुढे ढकलतं आणि आपण मधल्या वेळात पाणी आणि क्षार कमी पडू द्यायचे नाहीत. जलसंजीवनीचं पाकीट असेल तर उत्तम. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, नीट मोजून. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका. मळमळ असेल तर दर काही मिनिटांनी एक-दोन घोटच घ्या. घटाघटा प्यायलेलं परत येतं.

भूक लागली की मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं असं साधं खा. भूक नसेल तर जबरदस्ती नको. दूध दोन-चार दिवस बाजूला ठेवा. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तराच्या अगदी टोकाशी असतं, आणि अस्तर दुखावलं की सर्वांत आधी तेच कमी पडतं. त्या दिवसांत दूध घेतलं तर दुसरा त्रास पहिल्यात मिसळतो आणि वाटतं, ग्लूटेनचा परिणाम लांबलाच. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्याने कळा सुसह्य होतात. कळांसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका, त्यांनी जठराला आणखी त्रास होतो. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नये.

बाजारात यावरचे बरेच उपाय मिळतात, आणि बेजार झालेला माणूस काहीही विकत घेतो. ग्लूटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या विकरांच्या गोळ्या जेवणासोबत घेतल्या तर जठरात थोडंफार ग्लूटेन तोडू शकतात. पण सगळं तोडतील याची हमी नाही आणि त्रास सुरू झाल्यावर त्यांचा उपयोगच नाही. कोळशाच्या गोळ्यांनी ग्लूटेन शोषलं जातं याला आधार नाही, उलट रोजची औषधं मात्र त्यांच्यामुळे शोषली जायची राहतात. रेचक घेऊन पोट साफ करणं म्हणजे आधीच चाललेल्या जुलाबात भर. ओकारी काढायचा प्रयत्नही करू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते: एकदा चुकून खाल्लं म्हणून आतड्याचं कायमचं नुकसान होत नाही. खरी काळजी करायची ती रोज नकळत जाणाऱ्या बारीक मात्रेची.

मुळात आपल्याला झालंय काय?

हा प्रश्न बरेच जण ओलांडून पुढे जातात आणि म्हणून शोध भरकटतो. ग्लूटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, जवात हॉर्डिन, रायमध्ये सेकॅलिन. त्यांत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी आहेत की आपली पाचक विकरं त्यांचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. हे सगळ्यांच्याच पोटात घडतं. फरक पडतो तो उरलेल्या तुकड्यांवर शरीर काय करतं यात.

सीलिएक आजारात रोगप्रतिकार यंत्रणा त्या तुकड्यांवर तुटून पडते आणि त्या भरात स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा मार्ग, तिचं वर आलंच. तिसरी संवेदनशीलता: सीलिएक नाही, अ‍ॅलर्जी नाही, तरी त्रास होतो. या तिसऱ्या अवस्थेसाठी रक्ताची कोणतीही तपासणी नाही. बाकीचं नाही हे ठरल्यावरच तिच्यापर्यंत पोचता येतं.

त्यामुळे ज्यांनी तपासणी न करताच गहू सोडलाय त्यांनी थांबून विचार करा. सीलिएकची रक्ततपासणी टीटीजी या प्रतिपिंडांवर चालते, आणि ग्लूटेन बंद केलं की ती प्रतिपिंडं हळूहळू उतरतात. म्हणजे आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग तपासणीसाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ते अजिबात झेपणार नसेल तर एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी आहार न बदलताही होते. ती दोन्ही नसतील तर सीलिएक जवळपास नाहीच. असतील तर मात्र त्याने काही सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी माणसांतही भरपूर आढळतात.

एवढं का करायचं? कारण काटेकोरपणा किती हवा ते यावर ठरतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिएकच्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन धरलं तर ५० मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग, बोटाला चिकटून यावा इतका चुरा. सीलिएक असेल तर त्रास होवो न होवो, हा चुरा टाळायलाच हवा. नुसती संवेदनशीलता असेल तर बऱ्याच जणांना एवढ्याशाने काही होत नाही, आणि सणासुदीला, प्रवासात थोडं सैल राहता येतं. आयुष्यभराचा फरक आहे हा.

ग्लूटेनच आहे का ते आधी बघा

गव्हाने त्रास होतो म्हणजे ग्लूटेननेच होतो असं नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकंही असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस धरतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सीलिएक नसलेल्या, पण ग्लूटेन सोसत नाही म्हणून ते सोडलेल्या ५९ जणांना त्यांनी दिसायला सारखे बार आठवडा-आठवडा खायला दिले. एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. कोणता कधी खाल्ला हे त्यांना माहीत नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात नोंदला गेला. ग्लूटेनचा आठवडा आणि काहीच नसलेला आठवडा यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

त्या लोकांचा त्रास खोटा नव्हता, त्याचं कारण दुसरं होतं. आणि हे कळणं फार कामाचं आहे, कारण फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असतात. ग्लूटेन नसलेल्या रश्श्याने पोट फुगलं की माणूस स्वयंपाकघरात गव्हाचा कण शोधत बसतो, आणि कारण त्याच्या समोरच्या वाटीत असतं. म्हणून नोंद ठेवताना कांदा-लसूण आणि दूध यांचे वेगळे रकाने ठेवाच.

घड्याळ मागे फिरवा

त्रास झाला की आपण शेवटचं जेवण धरतो. ते सोपं पडतं, पण तिथेच शोध चुकतो. सीलिएक असलेल्यांना मोठी मात्रा गेली तर मळमळ आणि उलटी एक-दोन तासांत सुरू होऊ शकते. संवेदनशीलतेत मात्र काही तास ते एखादा दिवस मधे जातो. फ्रुक्टानचा गॅस धरायला अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोचावं लागतं, म्हणजे त्यालाही काही तास लागतात. तेव्हा सकाळी पोट बिघडलं तर नाश्त्याला दोष देण्याआधी आदल्या दिवसाचं दुपारचं जेवण आठवा.

नोंदवही साधी ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, कोणत्या पाकिटातलं, कुणाच्या हातचं. आणि त्रास कधी सुरू झाला, काय झालं, कधी थांबला. दोन गोष्टी लोक लिहायच्या विसरतात: औषधं आणि त्या दिवशीचा ताण, झोप, पाळी. दोन्हींनी पोट हलतं. त्रास नसलेले दिवसही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्रास झाला की आधीचे ४८ तास अधोरेखित करा. असं काही वेळा झालं की पानं शेजारी ठेवून बघा, सगळ्यांत समान काय आहे. पदार्थ वेगवेगळे असतील आणि भांडं एकच असेल, किंवा घरं वेगवेगळी आणि बाटली एकच.

याच जेवणातल्या इतरांनाही उलट्या-जुलाब झाले असतील, ताप असेल, तर तो संसर्ग समजा आणि ते पान या हिशोबातून वगळा.

वाट कुठून उघडी राहते

घरापासून सुरू करा, कारण बाहेर आपण सावध असतो आणि घरी निर्धास्त.

घरात दोन प्रकारचा स्वयंपाक होत असेल तर पाणी आणि तेल हे पहिले संशयित. अमेरिकेत एका प्रयोगात गव्हाचा पास्ता उकडलेल्या पाण्यातच ग्लूटेन नसलेला पास्ता शिजवला, तेव्हा त्यातलं ग्लूटेन ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्याच्या मर्यादेच्या वर गेलं. त्याच प्रयोगात एकाच टोस्टरमध्ये भाजलेला ब्रेड मात्र मर्यादेत राहिला. तळणाचंही असंच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, गव्हाचे पदार्थ तळलेल्या तेलातच तळलेल्या बटाट्याच्या फ्राइजचे २० नमुने तपासले, त्यांपैकी ५ ग्लूटेन-फ्री म्हणता येतील असे नव्हते. उकळल्याने किंवा तळल्याने ग्लूटेन मरत नाही, ते काही जंतू नाही. ज्या घरांत नवा टोस्टर आला पण पाणी आणि तेल सामाईकच राहिलं, तिथे खर्च झाला आणि वाट उघडीच राहिली.

मग गाळणी. पास्ता निथळायची गाळणी उजेडासमोर धरा आणि भोकांच्या कडा बघा. वाळलेल्या पिठाचा पांढुरका पापुद्रा तिथे बसलेला दिसतो आणि तो घासणीने जात नाही, नखाने खरवडावा लागतो. ही एक वस्तू वेगळीच घ्या. लाकडी उलथणं, लाकडी पाट, चरे पडलेलं नॉनस्टिक भांडं यांतही पीठ अडकतं. स्टील आणि काच साबणाने नीट धुतली की पुरतं. हात सॅनिटायझरने पुसून भागत नाही, धुवावेच लागतात.

जॅम, लोणी, शेंगदाण्याचं बटर यांच्या बरण्या बघा. कुणीतरी सुरी ब्रेडवर फिरवून पुन्हा बरणीत घालतो, आणि जॅमच्या कडेला ते बारीक तपकिरी कण दिसतात. अशी बरणी तुमच्यासाठी संपली. आपली वेगळी ठेवा, झाकणावर मोठं नाव लिहा, आणि घरच्यांना एकदा शांतपणे कारण समजावून सांगा. मुलंसुद्धा पाळतात.

कोरडं पीठ हवेत उडतं आणि हळूहळू खाली बसतं. घरात मैदा किंवा गव्हाचं पीठ मळलं जात असेल तर तुमचं अन्न त्या वेळी उघडं नको. गव्हाच्याच जात्यावर किंवा चक्कीत दळलेलं दुसरं कुठलंही पीठ, मग ते धान्य कितीही निर्दोष असो, तुमच्या कामाचं नाही. मला विचाराल तर घरातली सर्वांत जास्त दुर्लक्षित वाट हीच आहे, कारण पिशवीवर धान्याचं नाव बरोबर असतं आणि शंकाच येत नाही.

आता पाकिटं. सोया सॉसच्या बाटलीवरचा मजकूर वाचा: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. नाव सोयाचं असलं तरी नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतोच. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, आणि तो सकाळच्या सिरिअलपासून माल्टच्या पेयांपर्यंत कुठेही असतो. रवा, कूसकूस, बल्गर, स्पेल्ट, ड्यूरम, ट्रिटिकेल ही सगळी गव्हाचीच मंडळी किंवा त्याची सोयरी. पाकिटावर ‘गहू नाही’ लिहिलेलं असलं तरी जव आणि राय असू शकतात. ओट्समध्ये स्वतःचं गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत ते गहू-जवात मिसळतात. म्हणून खास ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, आणि सीलिएकच्या काही थोड्या जणांना तेही सोसत नाहीत हे लक्षात ठेवा.

‘ग्लूटेन-फ्री’ची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे अगदी मर्यादेवरचा पदार्थ अर्धा किलो खाल्ला तेव्हा १० मिलिग्रॅम पोटात जातं. या पाकिटांवर उगाच अविश्वास दाखवून हैराण होऊ नका. मात्र नेहमीच्या वस्तूंची घटकयादी दर खरेदीला पुन्हा वाचा. कंपन्या कृती बदलतात आणि वेष्टन तेच राहतं.

बाहेर जेवताना ‘ग्लूटेन आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी. समोरचा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला तो शब्द म्हणजे ब्रेड वाटतो. विचारायचं असं: रस्सा दाट कशाने करता? यात सोया सॉस घालता का? या कढईत आणखी काय तळता? भाजायच्या आधी याला पीठ लावता का? उत्तर देताना माणूस आत जाऊन विचारून आला, तर ती चांगली खूण. विचारल्याबरोबर ‘काही नाही, खा बिनधास्त’ आलं, तर साधा भात आणि उकडलेली भाजी मागवा.

औषधांच्या गोळ्यांत बांधणीसाठी स्टार्च असतो. तो गव्हाचा असणं विरळा, पण औषध विक्रेत्याला विचारायला हरकत नाही. शंका आली म्हणून औषध परस्पर बंद करू नका.

शोधूनही सापडलं नाही तर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे तशीच ठेवा. गाळणी, तेल, सॉस आणि दूध एकाच दिवशी बदललं तर बरं वाटेल कदाचित, पण कशाने ते कळणार नाही. काढून बघणं आणि परत घालून बघणं, दोन्ही लागतं. हा संबंध लागला तोही याच रीतीने. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या पाहण्यात आलं की १९४४-४५च्या भुकेच्या हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा सीलिएकची मुलं सुधारली, आणि ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. त्याने गव्हावरचा संशय पक्का होत गेला. पण एक अट: सीलिएकचं निदान झालेल्यांनी परत घालून बघण्याचा प्रयोग ग्लूटेनवर घरच्या घरी करू नये. दूध, कांदा, लसूण यांवर करायला हरकत नाही.

लघवीत किंवा शौचात ग्लूटेनचे तुकडे शोधणाऱ्या चाचण्याही निघाल्या आहेत. त्रास झाल्यावर लगेच केली तर अलीकडच्या दिवसांत ग्लूटेन पोटात गेलं होतं का याचा अंदाज येतो. ‘आढळलं नाही’ याचा अर्थ अजिबात गेलं नाही असा मात्र नव्हे, कारण अगदी थोडी मात्रा निसटू शकते. टीटीजीचा अहवाल या कामाला उपयोगी नाही. तो महिन्यांचा कल सांगतो, परवाच्या जेवणाचा हिशोब नाही.

सीलिएकमध्ये पथ्य पाळूनही त्रास राहिला तर सर्वांत नेहमीचं कारण नकळत जाणारं ग्लूटेनच असतं. तेही नाही असं दिसलं तर डॉक्टर दुधाची साखर न पचणं, लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ, मोठ्या आतड्याचा सूक्ष्म दाह, स्वादुपिंडाची विकरं कमी पडणं, चिडक्या आतड्याचा विकार अशा गोष्टी पाहतात. या प्रत्येकावर वेगळा उपचार आहे आणि त्यातला एकही नुसते अंदाजाने पदार्थ सोडत जाऊन होत नाही. वजन उतरत असेल, रक्त कमी निघालं असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल, तर प्रयोग थांबवून पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना नोंदवही, जुने सगळे अहवाल आणि नेहमीच्या पाकिटांचे मोबाइलवर काढलेले फोटो न्या, आणि गहू नेमका कधी बंद केला ती तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. तपासण्यांचा अर्थ त्या तारखेवरच लावला जातो.